डोंगरातल्या 'कपडे ऐच्छिक' गरम झऱ्यावर कोणी गेलंय का? मैत्रिणींनी परमिट काढून ठेवलंय, सल्ला द्या

संत्रागोळी
नमस्कार मंडळी. विषय जरा अवघड आहे. घरी सासूबाईंना विचारता येत नाही आणि बँकेत एकीला विचारलं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या काउंटरवर पोचेल, म्हणून इथे टाकून राहिली आहे. ऑगस्टमध्ये मी अमेरिकेत चालली, हॉस्टेलच्या तीन मैत्रिणी तिकडेच आहेत, डेन्वर आणि आसपास. त्यांनी कोलोरॅडोत ॲस्पेनजवळ कनंड्रम हॉट स्प्रिंग्स नावाची जागा आहे तिथलं एका रात्रीचं परमिट काढून ठेवलंय, चौघींचं. मी खुश, डोंगर, तंबू, गरम पाणी, अजून काय पाहिजे. आणि मग काल व्हिडिओ कॉलवर एक जण सहज बोलून गेली की अगं तिथे क्लोदिंग ऑप्शनल असतं हं, बरेच लोक काहीच न घालता बसतात, बाया माणसं सगळे एकाच कुंडात. बाकीच्या दोघी हसून राहिल्या आणि मी फोन म्यूट करून पाणी प्यायला गेली.

मला कोणाला नावं ठेवायची नाहीत. पण मी नागपूरच्या धरमपेठेत वाढलेली, स्विमिंगलासुद्धा गुडघ्यापर्यंतचा कॉश्च्युम घालणारी बाई, पोटावर सिझरची खूण, वय ४४. तिथे जाऊन मी एकटीच कपड्यात बसले तर विचित्र दिसेल का, लोक काही म्हणतात का, नजरा कशा असतात, कोणी फोटो काढले तर काय, आणि आपल्याकडचं कोणी ओळखीचं भेटलं तर मी त्या डोंगरावरून खाली कशी येऊ. रविवारपर्यंत हो-नाही सांगायचंय. नवरा म्हणतो तुझं तू ठरव, ज्याचा मला काहीच उपयोग नाही.

तर्रीबाज
ताई एक शंका. ऑगस्टमध्ये नागपूर सोडून गरम पाण्यात बसाले अमेरिकेत काऊन जाता? मे महिन्यात या, आमच्या गच्चीवरची टाकी पाहा, दुपारी दोन वाजता नळ सोडला की फुकटात हॉट स्प्रिंग. परमिट लागत नाही, फक्त आईची परवानगी लागते.

डेन्वरकर_मूळ_धंतोली
ताई, मी गेलोय कनंड्रमला, म्हणून जरा लांब लिहितो.

सगळ्यात आधी, 'ऑप्शनल' आहे. तिथे तसा बोर्ड नाही, पूर्वीपासून चालत आलेली रीत आहे. स्विमसूट घालून बसणारे पण असतात, टीशर्ट-चड्डीवर बसणारे असतात, आणि काही न घालणारे असतात. मी गेलो तेव्हा कुंडात एक म्हातारं जोडपं होतं, दोन कॉलेजची पोरं होती आणि एक बाई पूर्ण स्विमसूट आणि वर लोकरीची टोपी घालून बसली होती, कोणी कोणाकडे बघून राहिलं नव्हतं. सगळे समोरच्या डोंगराकडे तोंड करून बसतात, आणि बोलणं काय तर बूट चावला का, रात्री पाऊस येईल का, तुझ्या स्टोव्हला गॅस उरला का. पहिली पाच मिनिटं तुम्हाला वाटेल सगळं जग आपल्याकडे बघून राहिलं, नंतर कंटाळा येतो त्या विचाराचा.

फोटोचं म्हणाल तर दुसऱ्याचा फोटो काढणं तिथे सगळ्यात वाईट समजतात. कोणी फोन वर केला की चार जण लगेच टोकतात. स्वतःचा काढायचा तर मागे कोणी नाही ना बघून काढा.

पण ताई, खरं सांगू का, तुम्ही सगळा धागा कपड्यांवर लिहिला आणि चालण्याबद्दल एक ओळ नाही! एका बाजूने साडेआठ मैल आहे, म्हणजे जवळजवळ चौदा किलोमीटर, पाठीवर तंबू, स्लीपिंग बॅग, जेवण सगळं घेऊन. झरा ११,२०० फुटांवर आहे, म्हणजे ३,४०० मीटर. सुरुवातच ८,८०० फुटांवरून होते. वाटेत ओढे ओलांडायचे आहेत. २०१९ च्या मार्चमध्ये त्या दरीत प्रचंड हिमस्खलनं झाली होती, अख्खी झाडंच्या झाडं आडवी पडली होती. आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी हमखास ढग येऊन विजा पडतात, म्हणून पहाटे निघायचं.

परमिट २०१८ पासून सक्तीचं झालं, कारण त्याआधी इतकी गर्दी व्हायची की झऱ्याच्या आजूबाजूला घाण, उरलेलं अन्न, मग अस्वलं. आता मुक्कामाला माणसं मोजून सोडतात. शौचाच्या पिशव्या ट्रेलहेडला, म्हणजे वाट सुरू होते तिथे, ठेवलेल्या असतात, आपलं आपण बांधून खाली आणायचं. हे वाचून कपड्यांची लाज कमी वाटेल बघा.

संत्रागोळी
बाप रे. पिशव्यांचं मैत्रिणींनी सांगितलंच नाही!! आणि चौदा किलोमीटर?? मला 'छोटासा हाइक' म्हणाल्या होत्या.

तर्रीबाज
मैत्रिणी नाही ताई, वैरिणी आहेत.

पायवाट
चौदा किलोमीटरला घाबरू नका, अजून वेळ आहे. नागपुरात अडचण एकच, आपण ३१० मीटरवर राहतो आणि चढ म्हणजे सेमिनरी हिल्स. रोज सकाळी तिथे बॅगेत पाण्याच्या बाटल्या भरून फेऱ्या मारा, लोक पाहतील, पाहू द्या (तीच प्रॅक्टिस आहे तुमची 😄). रविवारी रामटेकच्या पायऱ्या. आणि जमलं तर एक शनिवार-रविवार पचमढीला जाऊन चौरागड चढून या. नागद्वारच्या यात्रेला आपल्या विदर्भातल्या साठीच्या बाया पावसात, चिखलात, डोक्यावर गाठोडं घेऊन तिथले डोंगर पार करतात, आणि वरून गाणी म्हणत जातात. त्यांच्यापुढे तुमचं वय काहीच नाही.

गरम झऱ्याचंच आकर्षण असेल तर आपल्याकडे पण आहेत हो, लोकांना माहीत नसतात. मोर्शीच्या पुढे मध्य प्रदेशच्या सीमेवर सालबर्डी, महाशिवरात्रीला यात्रा असते तेच. पचमढीच्या रस्त्यावर छिंदवाडा जिल्ह्यात अनहोनी. माहूरकडून गेलं तर किनवट तालुक्यात उनकेश्वर. यातलं एकही ज्वालामुखीचं नाही. पावसाचं पाणी जमिनीतल्या भेगांमधून खूप खोल जातं, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० डिग्रीने तापमान वाढत जातं, तिथे तापून दुसऱ्या भेगेतून वर येतं. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात जमिनीला अशा जुन्या भेगा भरपूर आहेत म्हणून सालबर्डी-अनहोनी तिथे आहेत. कोकणात वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर अशी रांगच लागली आहे.

पण तिथे सगळीकडे देऊळ, नारळ, कुंडाला सिमेंट, आणि शांपूच्या पुड्या तरंगत असतात. निवांत बसायचं सुख नाही.

रिटायर्ड_मास्तर
मी जुन्या वळणाचा आहे, राग मानू नये. अमेरिकेला जाऊन नैसर्गिक सौंदर्य पाहावे, उत्तमच. पण चारचौघांत विवस्त्र बसण्यात काय मिळते हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. आपल्या मुलीला काय सांगणार? संस्कृती म्हणून काही असते.

गल्लीबोळ
मास्तर, रामटेकला शांतिनाथाच्या मंदिरात दिगंबर मुनी येतात तेव्हा आपण सगळे रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे राहतो, तेव्हा संस्कृती बुडत नाही. कुंभमेळ्यात नागा साधू पाहायला तर लोक घरदार घेऊन जातात. म्हणजे उघडं शरीर आपल्याला चालतं की.

रिटायर्ड_मास्तर
ही तुलना चुकीची आहे. मुनींचे ते व्रत आहे, त्यासाठी त्यांनी घर सोडले, केस उपटले, एकदा जेवतात. हे लोक सुट्टीत मजा म्हणून करतात. त्याग आणि सहल एका तागडीत घालू नका.

गल्लीबोळ
हे मात्र मान्य. मुद्दा मागे घेत नाही पण उदाहरण मागे घेतो.

काळाकोट
कायद्याचं थोडं. ज्यांना हे वाचून आपल्या धबधब्यावर प्रयोग करायची खुमखुमी येईल त्यांच्यासाठी. आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी दुसऱ्याला त्रास होईल असं अश्लील कृत्य केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ लागतं, १ जुलै २०२४ पासून. आधी आयपीसीचं २९४ होतं. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं उघडं असणं म्हणजे अश्लील का यावर कोर्टात वाद घालता येतो, मी आनंदाने घालेन, पण फी घेऊन. तोपर्यंत ठाण्यात बसून राहावं लागेल.

तर्रीबाज
वकीलसाहेब, फुटाळा तलावावर शर्ट काढला तर चालते का

काळाकोट
तुझा पाहून इतरांना त्रास होईल हे सिद्ध करणं सोपं आहे.

गच्चीवरची_तुळस
मी डॉक्टर आहे, मेडिसिनची. कपड्यांबद्दल माझं मत नाही, अंगाबद्दल आहे. संत्रागोळी, नीट वाच.

उंची. अडीच हजार मीटरच्या वर गेलं की कोणालाही त्रास होऊ शकतो, तरुण, फिट, कोणीही. नागपूरहून उतरून दुसऱ्याच दिवशी ३,४०० ला जाऊ नकोस. डेन्वर १,६०० वर आहे, तिथे दोन-तीन दिवस, मग ॲस्पेनला एक रात्र, ते २,४०० च्या आसपास आहे, आणि मग वर. डोकं दुखणं, मळमळ, भूक मेलेली, झोप नाही, अशी लक्षणं असतील तर अजून वर चढायचं नाही, वाढली तर खाली उतरायचं, परमिट गेलं खड्ड्यात. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, कोणी मैत्रिणीने दिली म्हणून खाऊ नकोस. सल्फाची ॲलर्जी असेल, किडनीचं काही असेल तर डॉक्टरला विचारूनच.

गरम पाणी. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी खाली येतं. वर उंची, वर दिवसभर चालून पाणी कमी प्यालेलं, आणि त्यात कोणी वाईनची बाटली काढली तर कुंडातून उठताना डोळ्यापुढे अंधारी येऊन दगडावर डोकं आपटायला वेळ लागत नाही. दारू पाण्याबाहेर, नंतर. पंधरा-वीस मिनिटं बसायचं, काठावर यायचं, पाणी प्यायचं, मग परत. उठताना आधी काठावर बस, मग उभी राहा. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर मला मेसेज कर.

नाक. डोकं पाण्याखाली घालायचं नाही, डुबकी नाही, तोंडावर पाणी उडवायचं नाही. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो, नाकातून मेंदूत जातो. केरळच्या केसेस पेपरात वाचल्या असतील, तोच. अतिशय दुर्मिळ आहे पण झाला तर माणूस सहसा वाचत नाही. पाणी तोंडात गेल्याने तो होत नाही, नाकात गेल्याने होतो.

आणि बाहेर येणं. तिथे ऑगस्टमध्येही रात्री फार थंडी पडते. ओलं अंग, वारा, आणि तंबू शंभर पावलं लांब. टॉवेल, कोरडी टोपी, लोकरीचं जाकीट कुंडाच्या काठावर हाताशी पाहिजे, बॅगेच्या तळाशी नको.

मंगळसूत्र, जोडवी, पैंजण खाली गाडीत काढून ठेव. पाण्यात गंधक असेल तर चांदी काळी पडते, आणि अंधारात काही हरवलं तर मिळणार नाही.

सिझरच्या खुणेबद्दल लिहिलंस ना. मी रोज पोटं बघते. खूण नसलेलं, घडी नसलेलं, डाग नसलेलं पोट मला आठवत नाही.

संत्रागोळी
तुळसताई, तुमचा मेसेज स्क्रीनशॉट काढून चौघींच्या ग्रुपवर टाकला. वाईनवाली एकदम शांत झाली.

बीपी नॉर्मल आहे, सल्फाचं माहीत नाही, विचारते.

ओसाकारिटर्न
माझा अनुभव जपानचा आहे, कंपनीने ओसाकाला पाठवलं होतं तेव्हाचा. तिथे ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहात, उलटं आहे, स्विमसूट घालून गेलात तर बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत. बाया वेगळ्या, पुरुष वेगळे. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, साबण पूर्ण धुवायचा, मगच कुंडात. एक छोटा टॉवेल देतात तो पाण्यात बुडवायचा नाही, लोक डोक्यावर घडी करून ठेवतात.

मी पहिल्यांदा दारातूनच परत फिरत होतो कारण माझा बॉस आत होता!! बॉस!! ज्याला रोज वाकून नमस्कार करायचो तो डोक्यावर टॉवेल ठेवून बसलेला. त्याने नुसती मान हलवली आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात काहीच बदललं नव्हतं. त्यांच्याकडे लहानपणापासून आजोबांबरोबर जायची सवय असते, त्यामुळे त्यांना त्यात काही वाटतच नाही. आपल्याला एका दिवसात ते जमणार नाही आणि जमवायची गरज पण नाही. ताई, तुमचं बरं आहे, तिथे दोन्ही चालतं.

माईसाहेब_पवनी
मी सहसा वाचते फक्त, लिहीत नाही. नातवाने टाईप करायला शिकवलं आहे, चुका पोटात घाला.

माझं माहेर पवनीचं. वैनगंगेवर कार्तिकात पहाटे अंघोळीला आम्ही सगळ्या बाया जात असू. लुगड्यासकट पाण्यात शिरायचं आणि बाहेर आल्यावर ओल्या लुगड्यावरच कोरडं नेसायचं, आतलं ओलं खालून सोडायचं, असं की अंगाचा एक कोपरा दिसू नये. आईने मला ते घरात परसात शिकवलं, चारदा पडली मी. ती एक कलाच होती. पण बापा, ओलं पातळ अंगाला चिकटलं की काय दिसायचं राहते? सगळं दिसते. घाटावर माणसं पण असत. ते पाठ करून बसत, किंवा न पाहिल्यासारखं करत. जो पाहील त्याला म्हाताऱ्या बाया घाटावरूनच अशा शिव्या घालत की तो परत त्या वाटेला येत नसे. म्हणजे आमची अब्रू लुगड्यापेक्षा त्या म्हाताऱ्यांच्या जिभेवर जास्त टिकून होती असं मला आता वाटते.

तर पोरी, कपड्याचं सोड. तिथे तशा म्हाताऱ्या आहेत का ते विचार. वर कोणी तरी लिहिलं की फोन वर केला तर चार जण टोकतात, मग ठीक आहे. आणि तू चौघीत आहेस. एकटी असतीस तर मी नको म्हटलं असतं.

मास्तर, मुलीला काय सांगायचं म्हणता, तर सांगायचं की आई डोंगर चढून गेली. बाकी मोठी झाली की तिची ती विचारील.

डेन्वरकर_मूळ_धंतोली
माई 🙏🙏

रिटायर्ड_मास्तर
माईंना नमस्कार. मत बदललेले नाही, पण लिहिणे आवडले.

पायवाट
माईंनी जे लिहिलं तेच खीरगंगेला दिसतं. हिमाचलात पार्वती खोऱ्यात, बर्शैणीहून चालत जावं लागतं. वरती गरम पाण्याचं कुंड आहे, पुरुषांचं उघड्यावर आणि बायांसाठी आडोसा केलेलं वेगळं. मी गेलो तेव्हा उघड्या कुंडात सगळे हाफ चड्डीवर होते, कोणीही विवस्त्र नव्हतं, तरी काठावरून मोबाईल घेऊन शूट करणारे डझनभर होते. म्हणजे कपडे अंगावर असूनही अवघडल्यासारखं झालं. बायकोने आडोशाच्या आत सांगितलं की तिकडे मात्र मस्त होतं, मंडीच्या, पंजाबच्या बाया आल्या होत्या, कोणी पाठ चोळून राहिलं होतं, कोणी सुनेच्या तक्रारी सांगून राहिलं होतं, आणि कपड्यांचा विषयच कोणाच्या डोक्यात नव्हता.

डेन्वरकर_मूळ_धंतोली
ताई, अजून एक. चौदा किलोमीटर खरंच जमणार नाही असं वाटलं तर मैत्रिणींना पर्याय सुचवा. कोलोरॅडोतच स्टीमबोट स्प्रिंग्सला स्ट्रॉबेरी पार्क नावाचे गरम झरे आहेत, गाडी जवळपर्यंत जाते, दिवसा सगळे स्विमसूटमध्ये, पोरंबाळं असतात, आणि अंधार पडला की अठराच्या आतल्यांना बाहेर काढतात आणि मग कपडे ऐच्छिक. अंधारात कोणाला काय दिसतं, आणि दिवसा जाऊन आधी जागा बघून घेता येते. दुसरं म्हणजे सॅन लुईस दरीत व्हॅली व्ह्यू, ते पूर्णच ऐच्छिक आहे पण आधी बुकिंग लागतं आणि फोटो-मोबाईलबाबत ते फार कडक आहेत. तिथे उन्हाळ्यात संध्याकाळी जुन्या खाणीतून लाखोंनी वटवाघळं बाहेर पडतात ते बघायला लोक चढून जातात, ते मला झऱ्यापेक्षा जास्त आवडलं खरं तर. आणि अगदीच सोवळं पाहिजे असेल तर ॲस्पेनहून खाली ग्लेनवुड स्प्रिंग्स, १८८८ पासूनचा भला मोठा पूल, सगळ्यांना स्विमसूट सक्तीचा, आजी-आजोबांसकट जा.

ओळखीचं कोणी भेटेल म्हणता, तर कनंड्रमला इतकं चालून आलेला नागपूरकर भेटलाच तर तो तुमच्याकडे गोळी-बिस्किट मागेल, बाकी कशाकडे बघायची ताकद त्याच्यात उरलेली नसते. शिवाय तोही त्याच अवस्थेत असेल, तो कोणाला सांगणार.

संत्रागोळी
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. मैत्रिणींशी पण बोलली. गंमत म्हणजे जी सगळ्यात जास्त हसून राहिली होती तीच म्हणाली की मी पण स्विमसूटमध्येच बसणार आहे गं, माझी कुठे हिंमत, मी तुझी मजा घेत होती. चौथी म्हणते ती ठरवणार नाही, तिथे गेल्यावर पाहू.

तर मी जाते आहे. पूर्ण बाह्यांचा स्विमसूट नेते, रात्री अंधारात काय वाटतं ते तेव्हा बघीन आणि ते मी इथे येऊन लिहिणार नाही हे आत्ताच सांगून ठेवते. मैत्रिणींना सांगून ॲस्पेनची एक रात्र वाढवली. उद्यापासून सेमिनरी हिल्स. लेकीला सांगितलं की डोंगरात गरम पाण्याच्या झऱ्यावर चालली आहे, ती म्हणाली वायफाय आहे का, नाही म्हटलं तर तिला फारच वाईट वाटलं माझ्याबद्दल.

सासूबाईंना 'देवस्थान आहे का तिथे' असं त्यांनी विचारल्यावर मी 'निसर्ग आहे' असं म्हटलं.

एक शेवटचं, खायला काय नेऊ? मी चिवडा, शंकरपाळे, आणि थोडी संत्रा बर्फी नेणार होती सगळ्यांसाठी.

डेन्वरकर_मूळ_धंतोली
न्या, पण लक्षात ठेवा, तिथे मुक्कामाला अस्वलाला उघडता येत नाही असा कडक डबा सक्तीचा आहे, भाड्याने मिळतो. खायचं सगळं त्यात, आणि टूथपेस्ट, क्रीम, लिपबामसुद्धा त्यातच, वास येतो म्हणून. डबा तंबूपासून लांब ठेवायचा. तंबूत शंकरपाळ्याचा तुकडा पण ठेवायचा नाही. चौघींचं मिळून त्या डब्यात मावलं पाहिजे, म्हणून चिवडा दाबून भरा.

गच्चीवरची_तुळस
आणि ओआरएस. चिवड्याआधी ओआरएस.

तर्रीबाज
अस्वल कपडे घालून येते का बिनाकपड्याचं, ते कोणी सांगितलंच नाही. बर्फी मात्र हल्दीरामची नेजा ताई, अन् एक डबा इकडे गच्चीवरच्या टाकीवाल्याले.